एका संध्याकाळचं सस्पेन्शन ट्यूनिंग: आधी मोजमाप, मग पाना

कार क्लबातले दहा-बारा जण एका गाडीभोवती जमले की प्रत्येकाचा हात काहीतरी फिरवायला शिवशिवतो. तासाभरात गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागते आणि नेमकं कशामुळे, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून गाडी एकच घ्या, एकाच्या हाती वही द्या. वहीत आकडा चढल्याशिवाय पाना चालवायचा नाही आणि एका वेळी एकच बदल करायचा.

सामान फार लागत नाही: सपाट फरशी, जॅक, चार स्टँड, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळणारा), हवेचा गेज, स्टीलची टेप, पातळ नायलॉन दोरा, चार केबल टाय, मार्कर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

१. आधी दोष शोधा

टायर थंड असताना चारही चाकांत कंपनीने दिल्याइतकी हवा भरा. मग चाक अधांतरी करून वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासा. फक्त डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर संशय स्टिअरिंगच्या टाय रॉडवर. शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल किंवा बुशचं (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी बाहीचं) रबर फाटलेलं असेल, तर संध्याकाळ तिथेच थांबवा. अशा गाडीचं ट्यूनिंग म्हणजे पाण्यावरची रेघ.

२. उंची

टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या सीटवर त्याच्याएवढं वजन ठेवलेलं असावं. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. टायर फरशीला आडवे चिकटून राहतात आणि गाडी उंच दिसते. दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, मग हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही आकड्यात मिसळते.

उंची बदलली असेल, तर कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळा. हे सर्रास विसरलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलेला बुश गाडी खाली आल्यावर पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

३. टो

टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं, कँबर म्हणजे समोरून पाहिल्यावर ते तिरकं झुकलेलं असणं. उंची हलली की दोन्ही हलतात, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणं, उंचीनंतरच. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरा ताणा. एकाच ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या हबपासून दोऱ्याचं अंतर सारखं हवं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं अंतर मात्र वेगळं येऊ शकतं. स्टिअरिंग सरळ ठेवून दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर घ्या. पुढे 62 मि.मी. आणि मागे 61 मि.मी. आलं, तर त्या चाकाला 1 मि.मी. टो-इन आहे, म्हणजे त्याची पुढची कड आत वळलेली आहे. दुरुस्ती दोन्ही टाय रॉडवर समान वाटा, नाहीतर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं राहील.

४. डँपर

डँपर म्हणजेच शॉकअप. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. त्याचा कडकपणा बदलणारा नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा. जोर लावला तर आतली सुई खराब होते. तिथून उलटे क्लिक मोजत साधारण मध्यावर या आणि आकडा लिहा. मोजणी नेहमी बंद टोकापासूनच करा, कारण उघडं टोक अनेकदा नेमकं सापडत नाही. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा.

आता तोच रस्ता, तोच वेग, आणि दर फेरीला दोन-तीन क्लिक. उंचवट्यानंतर गाडी डोलत राहिली तर रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा अटकाव, वाढवा: नॉब बंद टोकाकडे फिरवा. रिबाउंड फार कडक झाला तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू बसत जाते आणि दणके मारते. लोकांना वाटतं स्प्रिंग मऊ आहे, म्हणून ते नॉब आणखी कसतात आणि दुखणं वाढवतात. इथे रिबाउंड कमी करायचा असतो, म्हणजे नॉब उघड्या टोकाकडे फिरवायचा.

शॉकअपच्या दांड्यावर, शॉकअपच्याच बॉडीला टेकवून केबल टाय बांधा. फेरीनंतर तो जिथे सरकलेला असेल, तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं होतं. तो बंप स्टॉपपाशी (सस्पेन्शन पूर्ण दबू न देणाऱ्या रबरापाशी) पोचला असेल तर गाडी स्टॉपवर आदळते आहे. मग क्लिक फिरवून उपयोग नाही; उंची किंवा स्प्रिंग बदलावी लागेल.

५. अँटीरोल बार

हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि वळणात गाडीचं कलणं कमी करतो. वळणात नाक बाहेर पळत असेल तर पुढचा बार मऊ करा किंवा मागचा कडक. शेपूट सुटत असेल तर याच्या उलट. मागचा बार कडक केल्यावर कोरड्या रस्त्यावर मजा येते खरी, पण ओल्यात तीच गाडी अचानक फिरते, तेव्हा बारच्या टोकाच्या भोकांपैकी एका वेळी एकच भोक सरका. लिंक (बारला सस्पेन्शनशी जोडणारा दांडा) बसवताना गाडी चाकांवर सपाट उभी हवी, नाहीतर बार ताणलेलाच बसतो.

शेवटी प्रत्येक नट टॉर्क पान्याने आवळून नट आणि ब्रॅकेट यांवरून मार्करची एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे.