पडकी कुंपणभिंत उभी करताना: नहेम्याची पद्धत, कोकणातला जांभा

रायगड जिल्ह्यात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, जुनी वस्ती होती तिथे आज दोन गोष्टी हमखास दिसतात: दफनभूमीची ढासळलेली भिंत, आणि गावात उरलेली दोन-चार घरं. भिंत दुरुस्त करायची असेल तर तनाखमधलं (हिब्रू बायबलमधलं) नहेम्याचं पुस्तक आधी बांधकामाची वही म्हणून वाचा. यरुशलेम बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. 586 मध्ये पाडलं. मंदिर इ.स.पू. 516 च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं, पण कोट पडकाच होता. इराणमधल्या शूशनच्या दरबारात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार असलेला नहेम्या इ.स.पू. 445 मध्ये आला आणि त्याने 52 दिवसांत तो उभा केला. एवढा वेग का साधला, हे त्याच्या कामाच्या क्रमातून कळतं. तोच क्रम इथे कोकणातल्या मालमसाल्यासह दिला आहे.

आधी पाहणी, मग सभा

नहेम्या पोचल्यावर तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसं आणि एकच जनावर घेऊन त्याने कोटाला फेरी मारली. राजाच्या तळ्यापाशी राडारोडा इतका होता की जनावर पुढे जाईना. सभा त्यानंतर. आपल्याकडे उलटं होतं: आधी सभा, हार, वर्गणी, आणि भिंत किती फूट पडलीय हे कोणालाच ठाऊक नसतं.

तुम्ही रात्री जाऊ नका, फुरसं-घोणस यांचं राज्य असतं. सकाळी टेप, चुना-फक्की आणि वही घेऊन जा. दर 20 फुटांवर खूण करा आणि प्रत्येक तुकड्याची तीनपैकी एक नोंद करा: उभी पण सांधे मोकळे, अर्धी पडलेली, पायापासून गेलेली. हद्दीबद्दल शेजाऱ्याशी जराही वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, सातबारा आणि ट्रस्टचे कागद एकत्र ठेवा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरवर निर्बंध आहेत, म्हणून परवानगी आधी. नहेम्यानेही नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावाने पत्रं घेतली होती आणि दरवाजांच्या लाकडासाठी राजाच्या वनरक्षकाला, असाफला, वेगळं पत्र. पत्रं घेऊनही सनबल्लट आणि तोबीया हे त्याचे विरोधक आडवे आलेच.

राडारोडा

काम इथेच अडतं. चौथ्या अध्यायात शत्रूच्या धमक्या आहेत, पण ओझेकऱ्यांची तक्रारही आहे: ताकद संपली, ढिगारा फार. पडलेल्या भिंतीचा ढीग तीन भागांत वेगळा करा. अख्खे चिरे एका बाजूला, तुकडे पायाच्या भरावासाठी, माती-चुन्याचा चुरा बाहेर. नीट निवड केली तर नवे चिरे बरेच कमी विकत घ्यावे लागतात. यरुशलेमचा वेगही यातूनच आला. बरंचसं काम डागडुजीचं होतं आणि दगड जागेवरच होते. दफनभूमीत ढीग कबरींवर टाकू नका, आणि कबरीचा दगड कितीही सुटा दिसला तरी भिंतीत बसवू नका.

पिंपळ-वडाची रोपं नुसती छाटली तर पुढच्या पावसात दुप्पट येतात. मूळ सांध्यात असतं. तेवढे थर उतरवून मूळ काढा, मगच परत बांधा.

माल

जांभ्याचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 रुंद, 7 जाड मिळतो. खाणीगणिक फरक पडतो, म्हणून पहिली गाडी मोजून घ्या. 9 इंच जाडीच्या 100 चौरस फूट भिंतीला सुमारे 132 चिरे बसतात, मोडतोड धरून 145 मागवा. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. खाणीतून आला की लगेच लावू नका.

मसाला एक भाग चुना, तीन भाग वाळू. 100 चौरस फुटांना कोरडा माल 10 ते 11 घनफूट लागतो. कळीचा चुना किमान दोन आठवडे आधी विरवा. विरवताना उकळी फुटते, म्हणून कळी पाण्यात सोडायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. मीठ भिंतीत शिरतं, लोणा फुटतो आणि चिऱ्याचा चेहरा भुगा होऊन गळतो. सांधे वरून निव्वळ सिमेंटने भरणंही टाळा: पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, मग ते मऊ जांभ्यातून वाट काढतं. चार पावसांनंतर सिमेंटची जाळी उभी दिसते आणि मधला दगड झिजलेला.

वाटणी

तिसरा अध्याय कंटाळवाणा म्हणून लोक सोडून देतात. तिथे सुमारे 40 तुकडे आणि ते कोणी बांधले याची यादी आहे: एल्याशीब मुख्य याजक, सोनार, अत्तरवाले, आपल्या मुलींसह शल्लूम. कित्येकांना स्वतःच्या घरासमोरचाच तुकडा दिला होता. तकोवकरांच्या सरदारांनी खांदा दिला नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. तकोवकरांनी मात्र दोन तुकडे केले. तुम्हीही पेणकर, किहीमकर, झिराडकर, नवगांवकर अशा घराण्यांना 20-20 फूट वाटा. मुंबईत किंवा इस्राएलमध्ये असलेल्यांनी आपल्या तुकड्याचा खर्च उचलावा.

या वाटणीत एक धोका आहे. प्रत्येक तुकडा सरळ उभ्या कडेने संपवला तर दोन तुकड्यांमध्ये वरपासून खालपर्यंत एकच सांधा राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात भेग तिथेच पडते. प्रत्येक टोकाला एकाआड एक थर अर्धा चिरा बाहेर काढून दाते सोडा, पुढच्याने त्यांत आपला थर अडकवायचा. दोरी सगळ्या तुकड्यांवर एकच ताणा.

चुना सावकाश धरतो. एका तुकड्यावर दिवसाला तीनपेक्षा जास्त थर चढवू नका, नाहीतर खालचा मसाला दबून ओळंबा सुटतो. म्हणून गवंड्याला शेजारचे दोन तुकडे द्या: एक सुकेतो दुसरा. चिरे लावण्याआधी भिजवा, आठवडाभर पोत्यांनी झाकून पाणी मारा. उताराकडे माती असेल तर पायापासून दुसऱ्या थरात दर चार फुटांवर पाणी जायला भोक ठेवा. माथ्याचा थर उतरता हवा.

कॅलेंडर मात्र नहेम्याचं घेऊ नका. त्याचे 52 दिवस एलूलच्या (ज्यू पंचांगातला ऑगस्ट-सप्टेंबरचा महिना) 25 तारखेला संपले. तिकडे ते कोरडे दिवस, आपल्याकडे ऐन पाऊस. दसऱ्यानंतर सुरू करा, एप्रिलअखेर चुन्याचं काम थांबवा.

पाचव्या अध्यायात काम बाहेरच्यांमुळे नव्हे, सावकारीमुळे अडलं: शेतं गहाण, मुलं गुलामीत. नहेम्याने व्याज सोडायला लावलं. बिगाऱ्यांची उचल वहीत लिहा आणि मजुरी शुक्रवारी दुपारी चुकती करा. तीननंतर घमेली धुऊन साबाथसाठी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रामदिनासाठी, काम बंद.

दरवाजा शेवटी

भिंत पुरी झाली तेव्हाही दरवाजांना कवाडं लागली नव्हती. तुम्हीही फाटक महिनाभराने लावा, पण बिजागरीचे होल्डफास्ट (भिंतीत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या) थर चढतानाच पुरा. नंतर ठोकले तर जांभा फुटतो.

वाचन

कोट उभा राहिला तरी शहर मोठं आणि माणसं थोडी होती. दहातल्या एकाने शहरात राहायला यावं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मधल्या काळात, कोट संपून आठवडा झाला नव्हता तोच, तिश्रीच्या (एलूलनंतरच्या महिन्याच्या) पहिल्या दिवशी पाणीवेशीपुढे एज्रा शास्त्र्याने लाकडी मंचावरून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्यांना अर्थ सांगत राहिले. लोक रडू लागले तेव्हा त्यांना सांगितलं: रडू नका, गोडधोड खा, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवा.

तुमचा कार्यक्रम असाच ठेवा, पण सहा तास नको. आठवा अध्याय हिब्रूत, मग मराठीत. दर 15 माणसांमागे अर्थ सांगणारा एक. कीर्तनकार मिळाला तर उत्तम: बेने इस्राएलांची मराठी कीर्तनं 19व्या शतकाच्या अखेरीपासूनची आहेत. शेवटी मालिदा, बेने इस्राएलांचे प्रसादाचे गोड पोहे. 50 माणसांना 3 किलो पोहे, 6-7 नारळ, दीड किलो गूळ. पोहे भिजवून लगेच निथळा, नाहीतर लगदा होतो. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचे डबे आधी भरा.

देखभालीला एक माणूस नावानिशी नेमा. नहेम्या राजाकडे जाऊन परत आला तोवर मंदिराच्या कोठीत तोबीयाचं सामान लागलं होतं आणि साबाथला सोर शहराचे व्यापारी मासळी विकत होते. किल्ल्या दोन घरांत ठेवा, मे महिन्यात सांध्यांतली रोपं उपटा, पाण्याची भोकं सळईने मोकळी करा.