बॅकपासून बाकापर्यंत: महिला संघाचा कोच होताना

मी बारा हंगाम फुटबॉलमध्ये राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, म्हणून खेळलो. शेवटच्या दोन हंगामांत खेळण्यापेक्षा गुडघ्याला बर्फ लावण्यातच जास्त वेळ गेला. महिला संघ हाती आला तेव्हा वाटलं, आपल्याला येतं तेच शिकवायचं, त्यात काय एवढं! पहिल्याच आठवड्यात लेफ्ट बॅकनं समोरच्या संघाच्या विंगरबद्दल, म्हणजे कडेनं चढाई करणारीबद्दल, विचारलं, "सर, विंगर आत वळली तर मी तिच्यामागे किती जायचं?" मी म्हणालो, "ते आपोआप कळतं." पुढच्या सामन्यात त्याच जागेवरून आम्ही दोन गोल खाल्ले. चूक तिची नव्हती. जे माझ्या पायांना येत होतं, ते तोंडाला येत नव्हतं.

म्हणून आधी वही घ्या. खेळताना न विचार करता घेतलेले निर्णय एकेक करून शब्दांत उतरवा. तिच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला तीन संध्याकाळ लागल्या: सेंटर बॅक, म्हणजे मधली बचावपटू, मोकळी असेल तर विंगर तिच्या हवाली कर आणि बाहेरून धावत येणारीवर नजर ठेव, सेंटर बॅक आधीच कुणाला धरून असेल तर तूच जा. एवढंच. पण हे 'एवढंच' सांगता आलं पाहिजे.

स्वतः करून दाखवणं कमी करा. तुम्ही क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारून दाखवलात की सगळ्या तुमचा पाय बघतात, मैदान कुणी बघत नाही. सराव सामन्यात माणूस कमी पडला तरी स्वतः उतरू नका. मी उतरलो होतो, आणि जुनी खोड म्हणून एक टॅकलही घातला. त्याबद्दल अजून लाज वाटते.

जमलं तर आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करा. जर्मनीच्या सिल्विया नाईडनं खेळाडू म्हणून १९८९, १९९१ आणि १९९५ची युरोपीय स्पर्धा जिंकली होती. तरी १९९६ला खेळ थांबवल्यावर ती नऊ वर्षं राष्ट्रीय संघाची मुख्य कोच टीना थॉयनेची सहाय्यक होती. मुख्य कोच म्हणून २००९ आणि २०१३ची युरोपीय स्पर्धा आणि २०१६चं ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतरचं. कोचिंग लायसन्सचे कोर्सही करा. तिथं जुनं नाव चालत नाही, सरावाचं नियोजन कागदावर मांडावं लागतं.

आता वॉर्म-अप. इथं मी कुणाचं ऐकत नाही. महिला फुटबॉलपटूंमध्ये गुडघ्यातला एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा एक अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि बहुतेकदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना, थांबताना, एकदम वळताना तो जातो. फिफाचा '११+' हा कार्यक्रम साधारण २० मिनिटांचा: धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी पुन्हा वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा पूर्ण करा, सामन्याआधी फक्त धावण्याचे दोन भाग. उड्यांच्या वेळी समोर उभे राहा आणि गुडघे बघा. उतरताना गुडघा आत पडत असेल तर थांबवा. तो पावलाच्या रेषेतच हवा. कानही उघडे ठेवा. 'धप्प' आवाज आला म्हणजे पाय ताठ ठेवून उतरली. अलगद उतरणारीचा आवाज जवळजवळ येतच नाही.

पाळीबद्दल कुजबुजू नका आणि भाषणही देऊ नका. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड ठेवा, ते कुठं आहेत हे सगळ्यांना माहीत असू द्या. पांढरी शॉर्ट्स असतील तर बदलून घ्या. इंग्लंडच्या महिला संघानंही २०२३मध्ये पांढरीऐवजी निळी घेतली. कुणाची पाळी काही महिने बंद असेल तर ते कष्टाचं बक्षीस समजू नका. खाणं आणि मेहनत यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. तिला डॉक्टरांकडे पाठवा, आणि त्या कारणावरून संघातून काढू नका, नाहीतर पुढची मुकाट्यानं लपवेल.

ड्रेसिंग रूमचं दार वाजवून, आतून 'या' आल्यावरच आत जा. हाफटाइम पंधरा मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं त्यांची, पाणी पिऊ द्या, आपसात बोलू द्या. मग दोनच मुद्दे सांगा. 'आमच्या वेळी' हे शब्द तोंडात आले तर गिळा. मी सुरुवातीला सगळ्यांना 'पोरींनो' म्हणायचो. तिशीतल्या कॅप्टननं एकदा बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "सर, नावानं बोलवा." मी कान पकडले.

शेवटी बाकावरच्यांचं. कोण किती मिनिटं खेळलं याची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. जिला उतरवलं नाही, तिला कारण त्याच दिवशी, समोरासमोर सांगा. पाचव्या मिनिटापासून वॉर्म-अप करत बसून सामना संपवणं काय असतं, हे मला कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी कळलं होतं, आणि तेव्हा मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.