साथरोगांच्या नोंदी: या चुका टाळा

साथरोगांच्या नोंदी तपासताना सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे नोंदीची तारीख हीच आजाराची तारीख समजणे. रुग्ण दवाखान्यात कधी आला, नमुना कधी गेला आणि अहवाल कधी हाती पडला या तीनही तारखा यंत्रणेच्या आहेत; आजाराची तारीख एकच, लक्षणे सुरू झाल्याची.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काविळीच्या एका उद्रेकात सोमवारी एकदम अकरा रुग्ण नोंदवहीत दिसले, म्हणून आम्ही आदल्या आठवड्यातल्या पाण्यावर संशय घेऊन ठिकठिकाणचे नमुने तपासले आणि सगळे स्वच्छ निघाले. मुळात रविवारी नोंदणी बंद असल्यामुळे सोमवारचा आकडा फुगला होता, आणि हिपॅटायटिस ए चा (दूषित पाण्या-अन्नातून पसरणाऱ्या विषाणूजन्य काविळीचा) अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, 15 ते 50 दिवसांचा, सरासरी 28 दिवसांचा असतो, हे घाईत कोणाच्या ध्यानात आले नाही. मग घरोघर जाऊन लक्षणांच्या तारखा विचारल्या, त्यांवरून नवा आलेख काढला आणि त्याच्या मध्यापासून चार आठवडे मागे मोजले, तेव्हा बोट जलवाहिनीच्या एका दुरुस्तीवर आले. ती दुरुस्ती कामाच्या वहीत लिहिलेली होती. आम्ही ते पानच उघडले नव्हते.

लक्षणांची तारीख विचारण्याचेही तंत्र आहे. ‘झाले आठ-दहा दिवस’ या उत्तरावर मी थांबत नाही. कामावरची पहिली रजा कोणत्या दिवशी घेतली, हे विचारतो. काविळीत ताप-मळमळ आधी येते आणि डोळे त्यानंतर काही दिवसांनी पिवळे होतात, म्हणून यांपैकी कोणता दिवस धरायचा हे आधीच ठरवून सर्वांसाठी तोच धरावा.

दुसरी चूक रिकाम्या रकान्याची. ‘निरंक’ म्हणजे पाहिले आणि रुग्ण आढळला नाही. रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिले की नाही तेच कळत नाही. संगणकाला दोन्ही शून्यच वाटतात, आणि नोंद करणारा रजेवर गेला की साथ ओसरल्याचे समाधान मिळते. माझ्या तक्त्यात निरंकला शून्य आणि न आलेल्या अहवालाला फुली असते, आणि फुल्या मोजल्याशिवाय मी आलेख काढत नाही. चालू आठवड्याचा आकडा तर उशिरा येणाऱ्या अहवालांमुळे कमीच दिसतो, म्हणून तो भाग मी तुटक रेषेने दाखवतो. नवख्यांना मात्र पहिल्याच दिवशी रंगीत नकाशा हवा असतो, आणि त्याखालची वही वाचायला कोणालाच सवड नसते.

किरकोळ वाटणाऱ्या चुकाही आहेत. एकच रुग्ण दवाखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या वहीत वेगवेगळ्या शुद्धलेखनाने येतो, म्हणून नावाबरोबर वय आणि पत्ताही जुळवावा. पत्ता राहत्या घराचा हवा, उपचार घेतले त्या ठिकाणचा नव्हे. दोन वस्त्यांची तुलना लोकसंख्येने भागल्याशिवाय करू नये. संशयित आणि निश्चित रुग्णांची बेरीज एकाच रकान्यात कधीही करू नये.

चाचणी नकारात्मक आली म्हणून संशयिताची ओळच खोडणारे उत्साही लोकही भेटतात. डेंग्यूची आयजीएम चाचणी, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बहुधा नकारात्मकच येते, तेव्हा ओळ ठेवावी, वर्गवारीपुढे तारीख टाकावी आणि नमुना लक्षणांच्या कितव्या दिवशी घेतला ते शेजारी लिहावे.