परजीवी मेला हे दिसतंय, पण कसा मेला ते कसं ओळखायचं?

लेश्मानिया या एकपेशीय परजीवीच्या कल्चरमध्ये औषध टाकलं, दुसऱ्या दिवशी पेशी गोल झाल्यात, फ्लॅजेलम (शेपटी) हलत नाहीये, म्हणजे मेल्या हे उघडच आहे. पण आतून ठरवल्यासारख्या टप्प्याटप्प्याने मेल्या की नुसत्या फुटल्या, हे तेवढ्यावरून कळत नाही.

आधी एक पक्कं लक्षात घ्या, पेशी कशी मेली ते तपासायचे बहुतेक किट माणसाच्या नाहीतर उंदराच्या पेशींसाठी बनवलेत. लेश्मानियात कॅस्पेज (अशा टप्प्याटप्प्याच्या मरणात प्रोटीन कापणारं एन्झाइम) नसतंच, त्याचं दूरचं नातेवाईक मेटाकॅस्पेज असतं, आणि ते प्रोटीन कापतं आर्जिनिन किंवा लायसिन या अमिनो ॲसिडपाशी, तर कॅस्पेज कापतं ॲस्पार्टेटपाशी. त्यामुळे कॅस्पेजच्या किटने सिग्नल दिला तरी कॅस्पेज ॲक्टिव्ह झालं असं लिहू नका, ते प्रोटीन कापणाऱ्या दुसऱ्याच कुठल्या एन्झाइमचं (प्रोटिएजचं) काम असू शकतं.

भरभर वाढणारे प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं रूप) घ्या, 26 अंशाला ठेवा आणि चार भाग करा, एकात काहीच नाही, एकात औषध ज्यात विरघळवलंय ते फक्त सॉल्व्हंट, एकात औषध, आणि एक भाग गरम करून मुद्दाम मारलेला. मग 2, 4, 8, 24 तासांनी सॅम्पल काढत जा. फक्त 24 तासांचं सॅम्पल घेणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण शेवटी सगळ्याच मेलेल्या पेशींचं मेम्ब्रेन फाटतं आणि काय आधी झालं काय नंतर ते कायमचं हातचं जातं.

ॲनेक्सिन व्ही (मरणाऱ्या पेशीच्या मेम्ब्रेनवर बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिन या लिपिडला चिकटतं) आणि प्रोपिडियम आयोडाइड (मेम्ब्रेन फाटलेल्या पेशीतच आत जाणारा रंग) एकत्रच लावा, पेशी फिक्स न करता, आणि बफरमध्ये कॅल्शियम हवंच, त्याशिवाय ॲनेक्सिन चिकटत नाही. प्रोपिडियम आत गेलेल्या पेशी ॲनेक्सिनच्या हिशोबात धरू नका, तिथे ॲनेक्सिनसुद्धा आत शिरून चिकटलेलं असतं. शिवाय लेश्मानियाच्या लिपिड तपासणीत फॉस्फॅटिडिलसेरिन जवळपास सापडलेलंच नाही, ॲनेक्सिन दुसऱ्या फॉस्फोलिपिडांनाही चिकटतं, म्हणून या टेस्टवर एकटीवर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

टनेलमध्ये, म्हणजे तुटलेला डीएनए उजळवणाऱ्या टेस्टमध्ये, तर फसायला फारच सोपं आहे. डीएपीआय हा डीएनएला चिकटणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघा, प्रत्येक पेशीत दोन ठिपके दिसतील, मोठा न्यूक्लियस आणि त्याच्यापेक्षा लहान, घट्ट, चमकदार किनेटोप्लास्ट (मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा गठ्ठा). किनेटोप्लास्टमधल्या नुकत्याच कॉपी झालेल्या मिनीसर्कलना (डीएनएच्या छोट्या रिंगांना) मुळातच बारीक खाचा असतात, म्हणजे धडधाकट पेशीतही तो ठिपका टनेलने उजळू शकतो! पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरला यातलं काही दिसत नाही, त्याला नुसती उजळलेली पेशी दिसते, म्हणून न्यूक्लियस उजळलाय का ते डोळ्यांनीच बघा, आणि डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलेलं एक सॅम्पल सोबत ठेवा म्हणजे टेस्ट चालतेय हे तरी कळेल.

मायटोकॉन्ड्रियाचं पोटेन्शियल (मेम्ब्रेनवरचा विद्युत दाब) टीएमआरएम या रंगाने बघता येतं, कंट्रोलला ते पोटेन्शियल मुद्दाम पाडणारं एफसीसीपी. मॅक्रोफेजच्या (परजीवी ज्यात राहतो त्या रोगप्रतिकारक पेशीच्या) आतल्या ॲमॅस्टिगोटवर (परजीवीच्या गोल रूपावर) काम करत असाल तर सिग्नल परजीवीचा की मॅक्रोफेजचा हे आधी वेगळं करा.

आणि दरवेळी थोड्या पेशी औषध धुऊन ताज्या मीडियात टाकून ठेवा. पोटेन्शियल पडलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागल्या तर त्या मेल्याच नव्हत्या, मग बाकीचे सगळे ग्राफ परत तपासायला घ्या.