कंट्रोल लिंकेज हात लावून तपासा
हेलिकॉप्टरच्या प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीला) कंट्रोल लिंकेज, म्हणजे पायलटच्या कंट्रोलची हालचाल रोटरपर्यंत नेणारे भाग - पुश-पुल रॉड (ढकलणारे-ओढणारे दांडे), बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ), पिच लिंक (रोटरच्या पात्याचा कोन बदलणारी दांडी) - हे नुसतं टॉर्च मारून बघून भागत नाही, प्रत्येक रॉड एंड (रॉडच्या टोकाचा बेअरिंगवाला सांधा) बोटांत धरून हलवून बघा, बेअरिंगवर थोडा फिरतो ते ठीक पण खटखट वाजला की तिथेच थांबायचं. नटवरची टॉर्क सीलची रंगीत रेघ (नट जागचा हलला तर कळावं म्हणून ओढलेली) तुटलीय किंवा सरकलीय का, कॅसल नटात (खाचा असलेल्या नटात) कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) आहे ना, जॅम नट (रॉड एंड जागी घट्ट धरणारा नट) सैल नाही ना, तेही बघा. आणि बोल्टभोवती काळी किंवा तांबूस धूळ दिसली तर कृपया पुसून टाकू नका, आत धातू घासतोय त्याची ती खूण असते, आधी मेकॅनिकला दाखवा. स्वतःच पाना लावून आवळून उडायचं तर अजिबात नाही.