जंगलाच्या उतारावर ध्यानकेंद्र बांधताना या चुका टाळा

इंदूरहून सिमरोल, चोरल, मानपूरच्या दिशेने निघालं की माळव्याचं पठार संपतं आणि सागाचे उतार लागतात. ध्यानकेंद्रासाठी जागा शोधणाऱ्यांना हे उतार आवडतात ते बहुधा सप्टेंबरात, आणि पहिली चूक तिथेच होते. तेव्हा सगळीकडे गर्द सावली दिसते. पण साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर येतं. म्हणून जागा दोनदा पाहा: मे महिन्यात दुपारी तीनला आणि जुलैत भर पावसात.

जुलैतली फेरी जास्त मोलाची. उन्हाळ्यात पायवाट वाटणारी घळ तेव्हा नाला झालेली असते. पाणी जिथून वाहतं तिथे दोन्ही कडांना खुंट्या ठोकून ठेवा. पुढे कोरड्या दिवसांत ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या ‘A’ आकाराच्या लाकडी चौकटीने) समपातळीच्या, म्हणजे एकाच उंचीवरच्या, रेषा काढून त्यांवर फक्की मारा. या दोन खुणा झाल्याशिवाय ध्यानकक्षाची जागा ठरवूच नये.

सगळ्यात महागात पडतं ते जेसीबीने उतार कापून सपाट ओटा करणं. शहरातल्या प्लॉटची ही सवय इथे घात करते. वरची बाजू कापून ती माती खाली लोटली की अर्धी इमारत मुरमावर आणि अर्धी भरावावर उभी राहते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरूम जागचा हलत नाही. मग भिंत मधोमध फाटते. त्यापेक्षा इमारतीचे लहान भाग करून ते समपातळीच्या रेषेवर, खांबांवर बसवा. प्रत्येक खांबाचा पाया काळी माती ओलांडून कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्या. मातीचा थर फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेला, तळाशी फुगीर खांब), निदान साडेतीन मीटर खोल. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) तीन इंच पोकळी ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते.

बांधकाम आधीच झालंय, दारं पावसाळ्यात अडतात आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्यात? लगेच सिमेंट भरू नका. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. आधी पाणी तोडा: वरच्या अंगाला चर खणा, पन्हळीचं पाणी नळीने दूर उताराला सोडा, भिंतीभोवती दीड मीटर फरसबंदी बाहेर ढाळ देऊन करा. मग नवी पट्टी लावा, ती पूर्ण वर्षभर शाबूत राहिली की भेग बुजवा.

संरक्षक भिंत बहुतेक वेळा कोसळते ती मागे तुंबलेल्या पाण्यामुळे. भिंतीमागे फूटभर खडीचा थर आणि दर दीड मीटरवर निचऱ्याचा पाइप हवाच. जाळीत दगड भरलेली भिंत त्याहून बरी, तिच्यातून पाणी आपोआप झिरपतं.

शोषखड्डा काळ्या मातीत ऑगस्टमध्ये तुंबतो आणि मैला खालच्या गावाच्या विहिरीकडे जातो. हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. खड्डा आदल्या रात्री पाण्याने भरून दुसऱ्या दिवशी मोजा: पाणी २५ मिमी उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तर शोषखड्डा नको. सेप्टिक टँकचं पाणी अस्तर केलेल्या, खडी भरलेल्या कर्दळीच्या वाफ्यातून न्या.

‘छतावरच्या पाण्यावर वर्ष निघेल’ हा हिशेबही करून पाहा. १०० चौरस मीटर छत, ९०० मिमी पाऊस, ८० टक्के जमा: ७२,००० लिटर. ३० साधकांना रोज माणशी १०० लिटर धरलं तर २४ दिवस. साधकांची संख्या खोल्यांवरून नव्हे, मे महिन्यात किती पाणी उरतं त्यावरून ठरवा.

पत्र्याच्या छतावर पाऊस सुरू झाला की ध्यानकक्षात गुरुजींचा शब्द ऐकू येत नाही. पत्र्याखाली दोन इंच रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी तंतूंचा थर) आणि प्लाय लावा, किंवा सरळ कौलं घाला.

झाडाच्या घेराखाली भराव टाकू नका. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि मोहाचं झाड दोन-चार वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेब्रुवारीपासून पावसापर्यंत सागाचा पाचोळा पेट घेतो. इमारतींभोवती निदान तीन मीटरची पट्टी रोज झाडा, पन्हळी साफ ठेवा. झाडलेला पाचोळा पेटवू नका. खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन कुजवा, पावसाळ्यात रोपांना तेच खत लागेल.