भाड्याच्या फ्लॅटच्या जुन्या खिडक्या: बदलण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या

भाडेकरू म्हणाला "खिडकी गळते", की लगेच ॲल्युमिनियमवाल्याला फोन करू नका. आधी चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाणी तिथेच मुरतं. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. भुसा पडला किंवा आत पोकळ लागलं तर वाळवी किंवा कूज, मग चौकट बदला. जुनं सागवान सहसा टिकलेलं असतं. बिजागऱ्या, कडी आणि काचेची सुटलेली पुट्टी दुरुस्त करणं, चौकट-भिंतीमधली फट सिलिकॉनने भरणं, एवढ्यात काम भागतं.

गळती बऱ्याचदा खिडकीची नसतेच. वरच्या छज्ज्याला तडा गेलेला असतो किंवा बाहेरच्या कट्ट्याचा उतार आत असतो. अशा ठिकाणी नवी खिडकीही पहिल्याच पावसात गळणार!

ॲल्युमिनियमची दोन ट्रॅकची स्लायडिंग (सरकती) खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे वारा कमी होतो. तरी बसवायचीच असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर काढणारी भोकं आहेत ना, ते पाहा. काम शक्यतो अकरा महिन्यांचा करार संपून घर रिकामं असताना, मे संपायच्या आत उरका. बाहेरचं रूप बदलणार असेल तर सोसायटीला आधी पत्र द्या.